किनाऱ्याचे जुने दप्तर

शिवाजी पेठेतून संध्याकाळी रंकाळ्यावर फिरावयास जाणाऱ्या माणसाने समुद्रकिनाऱ्याची उठाठेव कशासाठी करावी, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी येथून जवळजवळ शंभर किलोमीटर दूर आहे आणि मध्ये सह्याद्री उभा आहे. पंचगंगादेखील अरबी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते, नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागराला जाऊन पोचते. समुद्र कितीही चढला तरी तो जोतिबाच्या पायथ्याला लागणार नाही, हे शाळकरी मुलालाही कळते.

तरीही याच गावात समुद्राचा देव सापडलेला आहे. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडातून १९४० नंतरच्या दशकात ज्या वस्तू निघाल्या, त्यांत रोमन घडणीची ब्राँझची भांडी आणि आरसे होते. त्यांतच पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची एक लहानशी, पण अत्यंत सुबक मूर्ती होती. प्रा. कुंदनगार यांनी आरंभीचे काम केले. पुढे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवाहनकाळातील या गावाचा व्यापार भूमध्य समुद्रापर्यंत पोचलेला होता, हे त्या मूर्तीने सिद्ध केले. ही मूर्ती कोणत्या तरी गलबतातून कोकणच्या कोणत्या तरी बंदरात उतरली असेल आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून येथवर आली असेल. कोल्हापूरच्या वैभवाचे एक मूळ अशा रीतीने कोकणच्या किनाऱ्यात आहे. तो किनारा दोन हजार वर्षांपूर्वी आजच्यासारखाच होता काय, हा प्रश्न म्हणून केवळ कोकणवासीयांचा राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तर देणारा पुरावा कोकणच्या भूमीत आणि भूमीलगतच्या पाण्यात शिल्लक आहे. तो पुरावा आपण दोन मार्गांनी घालवीत आहोत. एका बाजूने दंतकथेवर घाईघाईने विज्ञानाचा शिक्का मारून आपण त्याची प्रतिष्ठा घालवतो, आणि दुसऱ्या बाजूने प्रत्यक्ष अवशेष वाळूच्या व दगडाच्या भावाने विकून, किंवा नोंद न करताच खणून टाकून, तो कायमचा नष्ट करतो. यांपैकी दुसरी हानी कधीही भरून निघणारी नाही.

पाण्याच्या जुन्या खुणांचे मोल कोल्हापूरकरांना समजावून सांगण्याची गरज पडू नये. आषाढ-श्रावणात या गावातला माणूस सकाळी उठून पहिला प्रश्न विचारतो तो राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे हा. एकोणचाळीस फुटांना इशारा आणि त्रेचाळीस फुटांना धोका, हे आकडे येथे पाढ्यांसारखे पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये छप्पन फुटांचीही मर्यादा ओलांडली गेली. त्यानंतर पूररेषा कोठून जावी, तिच्या आत बांधकामास परवानगी असावी की नसावी, यावर जो वाद झाला, त्याचे सार एवढेच होते की पाणी पूर्वी कोठवर आले होते याची विश्वसनीय नोंद ज्याच्याजवळ असते, त्यालाच पुढचा विचार करता येतो. ज्यांनी जुन्या वाड्यांच्या भिंतींवरील पुराच्या खुणा जपल्या, त्यांनी गावावर उपकार केले, आणि ज्यांनी त्या रंगवून टाकल्या, त्यांनी नकळत का होईना, पण एक दस्तऐवज फाडला.

समुद्राच्या पातळीची गोष्ट याहून अवघड आहे. राजाराम बंधाऱ्यावरील मोजपट्टी जागची हलत नाही, म्हणून तिच्यावरून पाण्याची चढउतार कळते. समुद्राच्या बाबतीत मात्र पाणीही हलते आणि पट्टीही हलते. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधील आखाताच्या काठी जमीन अद्याप वर येत आहे, काही ठिकाणी वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर या वेगाने, कारण हिमयुगात तिच्यावर साचलेल्या प्रचंड बर्फाचे ओझे वितळून गेले आहे. तेथील कोळ्यांना समुद्र मागे हटताना दिसतो. वस्तुतः जमीनच उचलली जात असते. म्हणून जुना किनारा शोधणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. पाणी चढले की उतरले? जमीन खचली की उचलली गेली? की या दोहोंपैकी काहीच न होता नद्यांनी गाळ आणून समुद्राला मागे रेटले? या तिन्ही प्रकारांची उदाहरणे आपल्या किनाऱ्यावर आहेत आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळेच बहुतेक गैरसमज निर्माण झालेले आहेत.

प्रथम पाण्याचा विचार करू. हिमयुगात समुद्राचे पाणी बर्फाच्या रूपाने जमिनीवर अडकून पडले असेल तर समुद्राची पातळी खाली गेलेली असली पाहिजे, हा तर्क प्रथम मांडला तो चार्ल्स मॅक्लॅरन या स्कॉटिश गृहस्थाने, १८४० नंतरच्या दशकात. हे गृहस्थ वर्तमानपत्राचे संपादक होते, ही गोष्ट या पृष्ठाच्या वाचकांना रुचेल. त्यांचा तर्क खरा असल्याचा भक्कम पुरावा मिळण्यास शतकाहून अधिक काळ जावा लागला. बार्बाडोस बेटालगतच्या बुडालेल्या प्रवाळांचा अभ्यास करून रिचर्ड फेअरबँक्स यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले की हिमयुगाच्या ऐन भरात, म्हणजे सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता.

याचा आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने अर्थ काय? मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातील भूखंडमंच, अतिशय रुंद आणि सपाट आहे. ज्या बॉम्बे हाय क्षेत्रात १९७४ मध्ये ‘सागरसम्राट’ने तेल शोधले, ते मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर आहे, पण तेथे पाण्याची खोली अवघी पंचाहत्तर-ऐंशी मीटर आहे. समुद्र शंभर मीटर खाली असताना तेथे कोरडी जमीन होती. आज आपण ज्याला भर समुद्र म्हणतो तेथे त्या काळी नद्या वाहत होत्या आणि हरणांचे कळप चरत असावेत. गोव्याला दोना पावला येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, तिची १९६६ मध्ये स्थापना झाल्यापासून, या बुडालेल्या जमिनीचा अभ्यास चालविला आहे. उथळ पाण्यातच तयार होणारे चुनखडक तिच्या शास्त्रज्ञांना समुद्राच्या तळाशी खोलवर आढळले. हाशिमी, निगम, नायर आणि राजगोपालन यांनी १९९५ मध्ये हा सारा पुरावा एकत्र मांडला. त्यांच्या निष्कर्षानुसार सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्र आजच्यापेक्षा शंभर मीटर आणि १२,५०० वर्षांपूर्वी ऐंशी मीटर खाली होता. मध्यंतरी तो काही काळ थबकला. दहा हजार ते सात हजार वर्षांपूर्वीच्या काळात तो झपाट्याने चढला आणि त्यानंतर आजच्या पातळीच्या आसपास थोडासा वरखाली होत राहिला.

या शेवटच्या वाक्याचे महत्त्व फार मोठे आहे. आपण ज्याला इतिहास म्हणतो तो सगळा या सात हजार वर्षांच्या विसाव्यात बसतो. शूर्पारक, कल्याण, चेऊल ही बंदरे उभी राहू शकली, कारण समुद्र जवळपास एका जागी थांबला होता. पिढ्यान्‌पिढ्या एकाच धक्क्याला गलबते लागतील असा भरवसा नसता तर कोणी धक्का बांधला नसता. ब्रह्मपुरीला आलेला पोसायडनही या विसाव्याचेच देणे आहे.

आता जमिनीचा विचार करू. मुंबईच्या प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असताना १८७० नंतरच्या दशकात मजुरांच्या कुदळी एका विलक्षण गोष्टीला लागल्या. ओहोटीच्या पातळीच्याही कित्येक फूट खाली, चिखलात, तीनशेहून अधिक झाडांचे बुंधे निघाले आणि त्यांतले पुष्कळसे मुळांवर उभे होते. ही झाडे खैराची असल्याचे आढळले. खैर हे खारफुटीतले झाड नव्हे; ते कोरड्या जमिनीवर वाढते. तेव्हा एके काळी तेथे जंगल होते आणि नंतर ते समुद्राखाली गेले, याविषयी शंका उरली नाही. तेथील जमीन खचली असावी, असे अनुमान भूशास्त्रज्ञांनी त्यावरून काढले. परंतु मला येथे या झाडांहून त्या नोंदीकडे लक्ष वेधावयाचे आहे. डॉकच्या कामावरील ऑर्मिस्टन या अभियंत्याने झाडे मोजली, उभी किती आणि आडवी किती याची गणती केली, खोली टिपली आणि ही माहिती १८७८ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात छापली. डॉक बांधण्याचे काम त्यामुळे बंद पडले नाही. १८८० मध्ये ते वापरात आले. झाडे गेली, पण नोंद राहिली. परक्या सरकारच्या चाकरीतल्या एका अभियंत्याने व्यापारी गोदी खणताना जे केले, ते स्वतंत्र भारतातील आपली बांधकाम खाती आज करतात काय?

तिसरे कारण गाळाचे. सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले आणि १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरून काढला, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. त्या सोपाऱ्यात आज जहाज येणे अशक्य आहे. कोल्हापूरला अधिक जवळचे उदाहरण खारेपाटणचे आहे. गगनबावड्याचा घाट उतरून विजयदुर्गाकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत लागणारे हे गाव आज खाडीच्या वरच्या टोकाला शांतपणे पडून आहे. परंतु दक्षिण कोकणच्या शिलाहारांपैकी रट्टराजाचा शके ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ चा, प्रसिद्ध ताम्रपट याच गावी मिळाला आणि त्यात समुद्रमार्गे येणाऱ्या गलबतांवरील कराचा उल्लेख आहे. खारेपाटणचे बंदरपण गेले, याचे कारण समुद्र खाली गेला असे मानण्याची गरज नाही. सह्याद्रीच्या उतारावरून दर पावसाळ्यात येणाऱ्या मातीने खाडी उथळ झाली. घाटावरील जंगलतोडीचा हिशेब खाडीच्या तळाशी लिहिला जातो, ही गोष्ट घाटमाथ्यावरच्या लोकांनीही ध्यानात ठेवावयास हवी.

या तीन कारणांत आणखी एका सावधगिरीची भर घालावी लागते. पाण्याखाली जे दिसते ते सारेच बुडालेले असते असे नाही. विजयदुर्गच्या परिसरात समुद्राच्या पाण्याखाली एक दगडी भिंत आहे. गोव्याच्या संस्थेतील सागरी पुरातत्त्वज्ञांनी तिची पाहणी केली असून तिची लांबी सुमारे १२२ मीटर भरते. शत्रूची जहाजे किल्ल्याजवळ येण्यापूर्वीच तिच्यावर आदळावीत, या हेतूने मराठी आरमाराच्या काळात ती पाण्यातच रचली गेली, असे मानले जाते. ती केवळ पाण्याखाली आहे एवढ्यावरून कोणी समुद्र चढल्याचा सिद्धांत मांडला असता तर तो पार चुकीचा ठरला असता.

असे सिद्धांत मांडले जातात, हेच खरे दुखणे आहे. मे २००१ मध्ये केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी खंभातच्या आखाताच्या तळाशी प्राचीन नगराचे अवशेष सापडल्याची घोषणा केली. तळ खरवडून वर आणलेल्या वस्तूंतील लाकडाच्या एका तुकड्याचे वय कार्बन-१४ पद्धतीने सुमारे साडेनऊ हजार वर्षे निघाले आणि तेवढ्यावरून संस्कृतीचे वय ठरविले गेले. जेथे भरतीचे प्रचंड प्रवाह शेकडो मैलांवरून वस्तू वाहून आणतात, तेथे तळावरून खरवडलेल्या लाकडाचे वय शेजारी पडलेल्या खापराला लागू करता येत नाही, हा आक्षेप पुरातत्त्वज्ञांनी ताबडतोब घेतला. तो अद्याप समाधानकारकपणे निरस्त झालेला नाही. या घाईने कोणाचाही गौरव वाढला नाही. उलट, समुद्राखालच्या खऱ्या शोधांकडेही जग संशयाने पाहू लागले.

आपल्याकडे परशुरामाच्या कथेचेही असेच होते. परशुरामाने बाण सोडून समुद्र हटविला आणि कोकण निर्माण केले, ही कथा सुंदर आहे. एका लोकसमूहाने आपल्या भूमीशी जोडलेले नाते तिच्यात बोलते. परंतु ‘पूर्वजांना समुद्र हटल्याचे ठाऊक होते, विज्ञानाने तेच सिद्ध केले’ असे भाषण आपण जेव्हा शाळेच्या व्यासपीठावरून करतो, तेव्हा आपण पुराव्याची दिशाच उलटी करतो. गेल्या वीस हजार वर्षांतील मोठी घटना समुद्राने जमीन गिळल्याची आहे, परत दिल्याची नाही. नंतरच्या काळात काही ठिकाणी समुद्र दोन-चार मीटर मागे गेल्याच्या खुणा मिळतात. पण सह्याद्रीच्या पायथ्यापासूनचे कोकण आणि त्याचे जांभ्याचे सडे त्याहून लाखो वर्षे जुने आहेत. कथेला कथेचा मान द्यावा. तिच्याकडे साक्षीदाराचे काम मागू नये.

खरे साक्षीदार निराळे आहेत आणि ते अबोल आहेत. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी ‘करळ’ नावाचा दगड आढळतो. वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चुन्याने घट्ट होऊन भरतीच्या पट्ट्यात तो तयार होतो. तो आजच्या भरतीरेषेच्या वर आढळला तर एके काळी समुद्र तेथवर पोचत होता असे मानावयास आधार मिळतो आणि त्यातील शिंपल्यांचे वय कार्बन-१४ पद्धतीने काढता येते. खाडीच्या चिखलातील फोरामिनिफेरा नावाचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव पाणी गोडे होते की खारे, उथळ होते की खोल, हे सांगतात. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९७० नंतरच्या काळात कोकणचा किनारा पायी तुडवून या खुणांच्या नोंदी केल्या. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत त्या खुणांचे काय झाले? करळ बांधकामाला वापरला गेला. वाळूच्या टेकड्या सपाट करून त्यांवर निवासगृहे उठली. खाड्यांतील वाळू पंपांनी उपसली गेली आणि तिच्याबरोबर थरांचा क्रमही गेला. थर एकदा विस्कटला की त्यातील प्रत्येक शिंपला शिल्लक असूनही पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य होते. पाने फाडून पोत्यात भरलेल्या वहीसारखी त्याची स्थिती असते.

यावर एक आक्षेप घेतला जातो व त्याची दखल घेतली पाहिजे. कोकणाला रस्ते हवेत, पूल हवेत, रोजगार हवा; शिंपल्यांच्या थरांसाठी विकास थांबवावयाचा काय? थांबवू नये. किंबहुना विकासकामांतूनच हा पुरावा हाती येऊ शकतो. रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर पूल योजलेले आहेत. पुलाचा पाया घेण्यापूर्वी खाडीच्या तळात खोल छिद्रे घेऊन मातीचे नमुने काढावेच लागतात. खांब किती भार सोसेल एवढे पाहिले की त्या नमुन्यांचे काम संपते. हेच नमुने, खोली आणि ठिकाण लिहून, एखाद्या विद्यापीठाच्या स्वाधीन केले तर सरकारला वेगळा खर्च जवळजवळ काहीच नाही. आणि कोकणच्या दहा हजार वर्षांच्या समुद्राची वही आपोआप तयार होईल. ऑर्मिस्टनने जे स्वतःच्या जिज्ञासेने केले, ते आता कंत्राटाच्या अटींत एका कलमाने साधता येईल.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. समुद्र पूर्वीही चढला आणि उतरला. मग आज तो थोडा चढत असेल तर एवढा गहजब कशासाठी? याचे उत्तर असे की, पूर्वी समुद्र चढला तेव्हा किनाऱ्यावर मुंबई नव्हती. माणसांच्या टोळ्या झोपडी उचलून मागे सरकू शकत होत्या; एक कोटीहून अधिक लोकवस्तीचे शहर, अणुभट्टी, गोद्या आणि रेल्वे उचलून मागे नेता येत नाहीत. शिवाय, आजची वाढ हिमयुगाच्या अखेरीची नाही. माणसाने जाळलेल्या कोळशाची आणि तेलाची ती परिणती आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची पातळी सरासरी वीस सेंटिमीटर वाढली. विसाव्या शतकाच्या पहिल्या सात दशकांत वाढीचा वेग वर्षाला सव्वा मिलिमीटरच्या आसपास होता. २००६ ते २०१८ या काळात तो ३.७ मिलिमीटर झाला. सात हजार वर्षांचा विसावा संपत आहे, असा याचा अर्थ होतो.

मुंबईला अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीमापकाची नोंद आहे व ती हिंदी महासागरातील अत्यंत जुन्या नोंदींपैकी एक आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. विसाव्या शतकात तेथे वर्षाला सुमारे एक मिलिमीटर वाढ दिसून आली. परंतु एका बंदरावरची पट्टी सातशे किलोमीटरच्या किनाऱ्याचा निवाडा करू शकत नाही. मुंबईची जमीन खचत असेल आणि रत्नागिरीची खचत नसेल, तर दोन्हीकडे एकच आकडा लावणे म्हणजे राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवरून सांगलीचा पूर ठरविण्यासारखे आहे. प्रत्येक ठिकाणची जमीन हजारो वर्षांत कशी वागली हे केवळ करळ, चिखल आणि बुंधेच सांगू शकतात. आणि हे समजल्यावाचून आपण किनाऱ्यावर रेषा आखीत आहोत! किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरची ना-विकास मर्यादा पन्नास मीटरवर आणली. तेथे राहणाऱ्या कोळ्यांच्या घरांची अडचण खरी होती आणि ती दूर करणे योग्यच होते. परंतु सवलत कोणत्या गावी निर्धोक आहे आणि कोणत्या गावी ती भावी आपत्तीला आमंत्रण आहे, हे ठरविण्यासाठी स्थानिक पुरावा तपासला जावयास हवा होता. भरतीरेषा ही नकाशावरची कायम रेषा आहे असे गृहीत धरणाऱ्या कायद्याला समुद्र बांधील नसतो.

हे काम केवळ मोठ्या संस्थांचे आहे असे समजण्याचे कारण नाही. कोकणच्या सड्यांवरील कातळशिल्पांचे उदाहरण ताजे आहे. रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेच्या कार्यकर्त्यांनी गेल्या दीड दशकात गावोगाव हिंडून, गुराख्यांना आणि वृद्धांना विचारून, शेकडो शिल्पे उजेडात आणली. २०२२ मध्ये त्यांतील निवडक स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा संभाव्य यादीत समाविष्ट झाली. या शिल्पांत हत्ती आहेत तसेच शार्क आणि पाकट हे मासेही आहेत. ही शिल्पे नेमकी किती जुनी, हा वाद चालू आहे. परंतु ती दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची ठरली तर ज्या माणसाने पाकट कोरला त्याचा समुद्र आजच्या किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर पश्चिमेला होता. आणि ती अलीकडची असतील तर समुद्र त्याच्या समोरच होता. शिल्पाचा अर्थ किनाऱ्याच्या जागेवर अवलंबून आहे. जुन्या किनाऱ्याचा शोध हा भूशास्त्रज्ञांचा छंद नसून इतिहासाचे साधन आहे, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

तेव्हा करावयाचे काय? तीन गोष्टी तातडीने करता येण्यासारख्या आहेत. पहिली, सागरी बांधकामांत निघणारे मातीचे नमुने जतन करणे कंत्राटदारावर बंधनकारक करावे आणि ते ठेवण्यासाठी कोकणातील एखाद्या विद्यापीठात साधे कोठार उभारावे. दुसरी, करळाचे उरलेले पट्टे, जुन्या वाळूच्या टेकड्या आणि बुडालेल्या बुंध्यांच्या जागा यांची यादी करून त्यांना भूवारसा म्हणून संरक्षण द्यावे. वाळूच्या टेकड्या अधिसूचनेत आजही संवेदनशील गटात मोडतात. परंतु यादीवाचून संरक्षण कागदावरच राहते. तिसरी गोष्ट शिक्षकांची आहे. कोल्हापूरच्या शाळा-महाविद्यालयांच्या सहली दर हिवाळ्यात गणपतीपुळे, मालवण, विजयदुर्ग येथे जातात. मुले वाळूत खेळतात, छायाचित्रे काढतात आणि परत येतात. त्याच सहलीत एका तासात किनाऱ्याचा एक उभा छेद पाहता येईल, थरांची जाडी टेपने मोजता येईल, शिंपले कोणत्या उंचीवर आहेत ते वहीत टिपता येईल. उकरावयाचे काहीच नाही. फक्त पाहावयाचे आणि तारीख घालून लिहावयाचे. वीस वर्षांनी तीच शाळा त्याच जागी गेली तर तिच्याजवळ असा दस्तऐवज असेल जो दिल्लीतही मिळणार नाही.

समुद्र आता पुन्हा हलू लागला आहे. तो किती येईल, याचे गणित जगातल्या शास्त्रज्ञांनी मांडावयास घेतले आहे. पण तो हर्णैला किती, दाभोळला किती आणि मालवणला किती, हे गणित आपल्यासाठी दुसरे कोणी मांडून देणार नाही. त्यासाठी लागणारी आकडेमोड आपल्याच किनाऱ्याच्या मातीत लिहिलेली आहे, आणि ती माती सध्या ट्रकांत भरून घाट चढत आहे.